बहिरी झालेली गिटार

१

गिटार छान वाजत होती. तारा सुरात होत्या, आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचा लाल दिवा लागला होता, वायर नीट बसली होती. फक्त तिला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मी पुन्हा वाकले, तारांना जवळजवळ ओठ लावले आणि म्हणाले, "दादा, आलेय मी." अ‍ॅम्प गप्प. जरा मोठ्यानं म्हणाले, तरी गप्प. मग मात्र मी ओरडलेच. खालून वहिनीचा आवाज आला, "काय झालं गं?"

"चोरी झाली!" मी वरूनच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय. त्या दिवशी सगळेच म्हणाले, तेव्हा तुम्हीही म्हणून घ्या. पण आधी ऐका तरी.

माझा थोरला भाऊ पंप विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, आणि उरलेला सगळा वेळ गच्चीवरच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार बनवत बसायचा. लाकूड कापणं, घासणं, रंग, जोडणी, सगळं स्वतः. तारांच्या खाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. ती बाजारात तयार मिळते, पण दादाला बाजारातलं काही चालायचं नाही. चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळायची. एका हातानं छोट्या यंत्राचं हँडल फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडत राहायची. चिमूट जरा घट्ट झाली की तार तुटते, जरा सैल झाली की वेढे ढिले पडतात. गिटारचा आवाज ठरतो तो ह्या वेढ्यांत.

गेल्या वर्षी दादा आजारपणात गेला. त्याच्या शेवटच्या, हिरव्या गिटारमधला पिकअप ही त्यानं गुंडाळलेली शेवटची वस्तू. त्याचे वेढे थोडे सैल होते, म्हणून त्याला तारांबरोबर माणसाचं बोलणंही ऐकू यायचं. तोंड जवळ नेऊन बोललं की आपलाच आवाज अ‍ॅम्पमधून यायचा, घोगरा, लांबून आल्यासारखा. ऑफिस सुटलं की मी रोज वहिनीकडे जायचे, वर जाऊन अ‍ॅम्प लावायचे आणि दादाशी बोलायचे. साहेबाच्या तक्रारी, नवऱ्याच्या तक्रारी, सगळ्या. माझा आवाज त्याच्या हातच्या तारेतून फिरून यायचा, एवढंच. वेडेपणा तर वेडेपणा.

आणि आज तो येत नव्हता. म्हणजे आत बसलेला पिकअप दादाचा नव्हता. कुणीतरी तसाच दिसणारा दुसरा बसवून दादाचा काढून नेला होता.

हे जमेल अशी माणसं माझ्या माहितीत तीनच होती, आणि तिघंही दादाच्या खांद्याला खांदा लावून त्याच खोलीत बसणारी.

२

"पोलिसांत जाऊन काय सांगणार?" सासूबाई म्हणाल्या. "गिटार आहे, वाजतेय, पण माझ्याशी बोलत नाही?"

"आई, थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"थट्टा नाही. चपला घालतेय, दिसत नाही का?"

माझ्या सासूबाईंनी सगळी नोकरी विमा कंपनीत केली. गोदाम जळालं, माल भिजला, मशीन मोडलं असं कुणी म्हटलं की ह्या तिथे जाऊन बघायच्या, खरंच जळालंय की जाळलंय. निवृत्त होऊन घरी बसल्यापासून त्यांची सगळी हुशारी माझ्या डब्यातली भाजी कुणी संपवली हे शोधण्यात वाया चालली होती. गिटारमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण खोटं बोलणारा माणूस त्यांच्यासमोर बसला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

गच्चीवरच्या खोलीची किल्ली वहिनीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला असते. दादा गेल्यावरही वहिनीनं ती तिथेच ठेवली. तिघं मित्र येतात, किल्ली घेतात, वर जाऊन घासत-तासत बसतात.

"म्हणजे कुणीही घेऊ शकतं," सासूबाई म्हणाल्या.

"कुणीही," वहिनी म्हणाली. ती चहा घेऊन वर, गच्चीवरच्या खोलीत आली होती. वहिनी कमी बोलते. दादाच्या ह्या छंदाबद्दल तर मी तिला चकार शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काय गं हा चहा? करपट लागतोय."

"मोठ्या पातेल्यात केला ना. कडेला लागला."

"आणि छोटं कुठे गेलं?"

"घासायला टाकलंय."

सासूबाईंनी मात्र चहा संपवला आणि मला विचारलं, "ह्या गिटारचं गेल्या काही दिवसांत काही भांडण झालं होतं?"

झालं होतं, आणि ते मीच केलं होतं. येत्या रविवारी हौशी गिटार बनवणाऱ्यांचा मेळावा होता. दादाच्या आठवणीत त्याची शेवटची गिटार स्टेजवर वाजवायची, असं तिघांनी ठरवलं. पण मोठ्या आवाजावर तो पिकअप किंचाळायचा. ज्या सैलपणामुळे त्याला माझं बोलणं ऐकू यायचं, त्याच सैलपणामुळे. तिघांतले डॉक्टर म्हणाले, तात्पुरता दुसरा बसवू. दुसरे, ज्यांना सगळे सर म्हणतात, ते म्हणाले, नको, वितळलेल्या मेणात बुडवू. मेण वेढ्यांत शिरून गोठलं की किंचाळणं बंद. आणि अर्थात बोलणं ऐकणंही बंद. मी म्हणाले, कुणी स्क्रू जरी ढिला केला तर याद राखा. वहिनीलाही बजावलं होतं, धूळ पुसायलासुद्धा हिला हात लावू नकोस.

"वहिनीला कशाला?"

"तिला त्यातलं काय कळतंय? फडक्यानं पुसायला जाईल आणि तार तोडून ठेवेल."

वहिनी कप उचलून खाली गेली.

"चल," सासूबाई म्हणाल्या. "आधी जो वाजवणार आहे त्याच्याकडे."

३

त्याला सगळे स्प्रे म्हणतात. गाड्या रंगवायचं त्याचं वर्कशॉप आहे, आणि आमच्या सगळ्यांच्या गिटारींचा रंग तोच मारतो. हात एक क्षण स्वस्थ नाही. मी हिरवी गिटार त्याच्या टेबलावर ठेवली, तर बोलता बोलता खिशातलं फडकं काढून त्यानं तिची पाठ पुसायला घेतली.

"हात काढ!" मी म्हणाले.

"सवय गं ताई." त्यानं फडकं ठेवलं आणि पुढच्या क्षणी पुन्हा उचललं. "पिकअप मी कशाला चोरू? मला तर तोच हवा होता. किंचाळतो तर किंचाळू दे, जरा लांब उभं राहून वाजवू, असं मी तेव्हाही म्हणालो होतो."

खरं होतं, म्हणाला होता. सासूबाईंनी विचारलं, "पिकअप काढायचा तर काय काय करावं लागतं?"

"तारा काढाव्या लागतात. मग समोरची प्लेट, मग..." तो अचानक थांबला. गिटारच्या डोक्याशी, खुंट्यांजवळ डोळे नेले. "अरे देवा. कुणी केलं हे?"

"काय?"

"तारा जुन्याच आहेत. काढून परत लावल्यात. हे बघा आजी, तार खुंटीला गुंडाळली की तिला वळ पडतो. हा जुना वळ इथे बाहेर आलाय, आणि शेजारी नवा पडलाय." त्याचा चेहरा कुणी शिळं अन्न वाढावं तसा झाला. "आमच्यात हे कुणी करत नाही. तार एकदा उतरवली की कचऱ्यात. मी मेलो तरी जुनी तार परत लावणार नाही."

"कुणीच नाही?"

स्प्रेनं फडक्याची घडी करून ठेवली. मग नाइलाजानं म्हणाला, "सर सोडून. सर जुन्या तारा उकळून परत लावतात."

मी गिटार उचलून दाराबाहेर पोचलेसुद्धा होते.

४

सर म्हणजे निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक. त्यांच्या स्वयंपाकघरात खरंच पातेल्यात तारा उकळत होत्या, वाफेनं चष्मा भरला होता आणि आतल्या खोलीतून त्यांची बायको म्हणत होती, "त्या पातेल्यात मी उद्या भात लावणार नाही, सांगून ठेवते!"

"सर, दादाचा पिकअप कुठंय?" मी दारातच विचारलं.

"अगं आत तर ये," सासूबाईंनी मला बाजूला केलं. "सर, तुम्ही उकळलेल्या तारा कशा दिसतात?"

सरांनी चिमट्यानं एक वर काढली. लख्ख. सासूबाईंनी ती गिटारवरच्या तारांशेजारी धरली. आमच्या तारा मळकट, बोटांच्या घामानं काळवंडलेल्या. ह्यांना उकळतं पाणी दिसलं नव्हतं, हे मलाही कळलं. पण माझा राग एवढ्यानं उतरणारा नव्हता.

"आता मी सांगते ते करा," सासूबाई म्हणाल्या. "उघडा."

"हिची परवानगी आहे?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मान हलवली. मला बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. सरांनी तारा सोडल्या, प्लेट उचलली, पिकअपचं झाकण काढलं. मीटरच्या दोन सुया लावल्या, आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"ताई, चोरी झालेली नाही."

"म्हणजे?"

"हा त्याचाच पिकअप. मीच पहिल्यांदा मोजला होता. आकडा तोच. दोन हातांनी गुंडाळलेले दोन पिकअप असे तंतोतंत जुळत नाहीत. आणि हा कोपरा बघ, इथे पट्टी थोडी तासलीय. आठवतंय? बसत नव्हती तेव्हा तासली होती."

मला आठवत होतं. "मग ऐकू का येत नाही?"

सरांनी पिकअप दिव्याखाली धरला. तांब्याच्या वेढ्यांवर पिवळसर, पारदर्शक चकाकी होती. "मेण," ते म्हणाले. "कुणीतरी मेणात बुडवलाय. आणि फार छान बुडवलाय. मेण जास्त तापलं तर आतली तार जळते. हे काम धीरानं केलेलं आहे."

"मेण तुम्हीच सुचवलं होतंत!"

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सुचवलं होतं. तू नाही म्हणालीस. माझ्या दृष्टीनं विषय तिथे संपला, बाळ."

सासूबाई वेढ्यांकडे टक लावून बघत होत्या. "सर, ही तार कुठल्या बाजूनं गुंडाळलीय ते कळतं का हो?"

"कळतं की. हे बघा, बाहेरचं टोक इकडून निघतंय. म्हणजे हँडल सुलटं फिरवलंय." मग त्यांनी भुवया वर केल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो डावखुरा होता. यंत्र डाव्या अंगाला मांडायचा. त्याचे सगळे पिकअप उलट्या दिशेनं गुंडाळलेले असत. हा एकच सुलटा. मला वाटलं, शेवटी काहीतरी प्रयोग केला असेल."

"असेल," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा बदलला होता. उघडताना मोजून ठेवलेल्या उंचीवरच सरांनी पिकअप बसवला आणि सगळं पुन्हा जोडून दिलं. जिन्यात मी विचारलं, "काय कळलं तुम्हाला?"

"जे कळलं ते खोटं ठरावं, अशी इच्छा आहे," त्या म्हणाल्या. "मेण कुणाकडे असतं?"

त्याचं उत्तर मला पाठ होतं. दातांच्या डॉक्टरकडे.

५

डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये आम्हाला भेटले. त्यांच्या टेबलावर दात कोरायच्या हत्यारांशेजारी एका गिटारची मान पडलेली होती. फ्रेट नावाच्या त्या आडव्या पट्ट्यांची टोकं ते दातांच्याच कानशीनं घासतात.

"मेण? आहे की," त्यांनी खण उघडला. "कवळीचं माप घ्यायला लागतं. हे घ्या."

पत्रे होते मेणाचे. गुलाबी. हिरड्यांसारखे गुलाबी.

सासूबाईंनी एक तुकडा नखानं कोरला. "दुसऱ्या रंगाचं नाही?"

"कशाला ठेवू? आणि ताई, मला पिकअप बदलायचा होता, हे मी तोंडावर सांगितलं होतं. लपवून करायचं असतं तर बदललाच असता, त्याला अंघोळ घालत बसलो नसतो." त्यांचे कान पांढरेच राहिले. मी नीट पाहिले.

निघताना सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवटच्या दिवसांत तुम्ही हिच्या दादाला भेटायला जायचात?"

"दर आठवड्याला. बोलायचा भरपूर. पण जरा तुटक झाला होता. मी चहाचा कप पुढे केला तर घ्यायचा नाही. म्हणायचा, ठेव टेबलावर, गरम आहे. आम्ही निघेपर्यंत तो तसाच गार व्हायचा."

"माझ्याशीही तसंच करायचा," मी म्हणाले. "मला वाटायचं, चिडलाय. गिटारही वाजवेनासा झाला होता. कंटाळा आला म्हणायचा. त्याला, आणि गिटारचा कंटाळा!"

सासूबाईंनी माझा दंड धरला. इतका घट्ट की दुखलं. "चल परत. गच्चीवर."

६

त्या खोलीत त्यांनी कशालाही हात लावला नाही. नुसत्या फिरल्या. मग विचारलं, "पिकअप आत बसवला की तो तारांपासून किती खाली ठेवायचा, हे कसं ठरवतात?"

"मोजून. सर पातळ पट्ट्या घालून मोजतात, डॉक्टर दात तपासायच्या सळईनं, स्प्रे नुसत्या कानानं."

"आणि तुझा दादा?"

मला हसू आलं. "दादा एक जुनं नाणं वापरायचा. तार आणि पिकअप यांच्यामध्ये नाणं सरकलं की झालं. सगळे चिडवायचे त्याला. तिथे खणात आहे, कापसावर."

खण उघडला. नाणं कापसावर नव्हतं, कापसाच्या शेजारी होतं. सासूबाईंनी ते रुमालात घेऊन मला दिलं. एका बाजूला अंगठ्याएवढा बुळबुळीत डाग होता. मी वास घेतला. मेण.

मी नाणं हिरव्या गिटारच्या तारेखाली सरकवलं. न अडकता, न हलता, बरोबर मावलं.

"सर, डॉक्टर, स्प्रे. नाणं माहीत सगळ्यांना," सासूबाई म्हणाल्या. "पण वापरतं कोण? ज्याला दुसरी कुठलीच पद्धत माहीत नाही तो. जुनी तार परत कोण लावतं? ज्याला ती फेकायची असते हे कुणी शिकवलेलं नाही तो. आजाऱ्याच्या खोलीत जेवढं शिकवता येतं तेवढंच ज्याला येतं, असा माणूस. बाकीचं तिघांना बोलावून सांगते."

७

तिघं आले. स्प्रे स्टुलावर बसला आणि लगेच टेबल पुसायला लागला. सर खिडकीशी, डॉक्टर उभेच. वहिनीनं चहा आणला, पुन्हा मोठ्या पातेल्यातला, आणि ती दारापाशी थांबली.

"चोरी झालेली नाही," सासूबाईंनी सुरुवात केली. "पिकअप त्याचाच आहे. त्याला मेण लावलंय, आणि ते तुमच्यापैकी कुणी लावलेलं नाही. डॉक्टरांचं मेण गुलाबी. सरांच्या तारा लख्ख. स्प्रेला जुन्या तारांची शिसारी. माझ्या सूनबाईनं तुम्हा तिघांना जे काही ऐकवलं त्याची मी माफी मागते, कारण ती स्वतः मागेल याचा भरवसा नाही."

"मागते की," मी म्हणाले. "मागितली. आता पुढे सांगा."

"पुढे काही नाही."

"काही नाही?" डॉक्टर म्हणाले. "अहो, मग लावलं कुणी?"

"ज्याचा हक्क होता त्यानं. गिटार आता किंचाळणार नाही, पिकअपही तोच राहणार. रविवारचं काम झालं. चहा घ्या आणि निघा."

गुन्हेगाराचं नाव न सांगणारा तपास त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. पण सासूबाईंशी वाद घालायची कुणाची छाती होणार? तिघं चहा पिऊन, एकमेकांकडे बघत खाली उतरले.

वहिनी ट्रे घेऊन वळली.

"तू थांब," सासूबाई म्हणाल्या. "छोट्या पातेल्याचं मेण निघालं का गं?"

वहिनीनं ट्रे टेबलावर ठेवला. ती खाली बसली, जमिनीवरच, भिंतीला टेकून.

"निघत नाहीये," ती म्हणाली. "गरम पाणी घातलं, तरी निघत नाहीये."

मी उठलेच. "तू? मी तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून? त्याच्या हातची शेवटची वस्तू होती ती! तुला काय..."

"त्याच्या हातची नव्हती ती," सासूबाई म्हणाल्या.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"डावखुऱ्या माणसानं ती गुंडाळलेली नाही. त्याला कप धरता येत नव्हता. केसाएवढी तार चिमटीतून कशी सोडेल? तू उजव्या हातानं लिहितेस ना गं?" हे शेवटचं वहिनीला होतं.

वहिनीनं मान हलवली.

८

मग तिनं सांगितलं. अडखळत, मध्येच थांबत.

औषधांनी दादाच्या बोटांतली संवेदना गेली होती. गरम कळत नव्हतं, टोचलेलं कळत नव्हतं. त्यानं तार गुंडाळायला घेतली आणि तुटली. पुन्हा घेतली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटल्यावर तो रडला. वहिनीनं त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"मी म्हटलं, मला सांग कशी धरायची. तर म्हणाला, तुला नाही जमणार. म्हटलं, बघू तर. दुपारी दार लावून बसायचो. तुम्ही कुणी आलात की मी खालूनच सांगायचे, झोपलाय. तो शेजारी बसून ऐकायचा. यंत्राच्या आवाजावरून सांगायचा, सैल पडली, घट्ट झाली. मला त्याच्यासारखी घट्ट कधीच जमली नाही. म्हणून ते वेढे सैल. त्यात त्याचं काही नाही. ते माझंच चुकलेलं आहे."

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यानं शपथ घातली. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, माझ्या हातांचं. ठिणगीला तर अजिबात नको." ठिणगी म्हणजे मी. तो एकटाच मला तसं म्हणायचा. "आणि म्हणाला, आता मेण राहिलं. पुढच्या आठवड्यात मेण करू. कसं करायचं, मेण किती गरम, बुडबुडे थांबेपर्यंत कसं धरायचं, सगळं सांगून ठेवलं. मग पुढच्या आठवड्यात दवाखान्यात न्यावं लागलं."

सासूबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मी लावणार नव्हते गं मेण. तू रोज येऊन बोलायचीस, मला खाली स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. म्हटलं, तिला बरं वाटतंय तर असू दे अर्धवट. पण आता स्टेजवर नेणार म्हटल्यावर... ती तिथे किंचाळली असती. लोक म्हणाले असते, शेवटी शेवटी हात बिघडला होता त्याचा. नाहीतर डॉक्टरांनी पिकअप काढून ठेवला असता. मला दोन्ही बघवलं नसतं."

मी तिच्यासमोर बसले. वर्षभर मी कुणाच्या हातच्या तारेशी बोलत होते? जिच्याबद्दल मी तिच्यासमोरच म्हणाले होते, तिला त्यातलं काय कळतंय, तिच्या. आणि ती खाली उभी राहून भाजी चिरत माझ्या नवऱ्याच्या तक्रारी ऐकत होती.

"वहिनी, चुकलं माझं. फार चुकलं," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

"तुझ्या साहेबाबद्दल मात्र तुझं बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "तो माणूस खरंच नालायक आहे." मग तीही रडायला लागली. सासूबाई पातेलं घासून बघते म्हणून खाली गेल्या.

डोळे पुसून मी म्हणाले, "रविवारी मी सगळ्यांना सांगते. तू केलंयस म्हणून."

तिनं माझा हात घट्ट धरला. "नाही. शपथ आहे. तू सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

९

रविवारी हॉल भरलेला होता. जिकडे तिकडे लाकडाचा आणि रंगाचा वास, माणसं एकमेकांच्या गिटारी उलट्यासुलट्या करून बघत होती. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो, एका बाजूला सासूबाई, मध्ये मी, पलीकडे वहिनी. माझा पाय सारखा हलत होता. सासूबाईंनी दोनदा त्यावर चापटी मारली.

स्प्रे हिरवी गिटार घेऊन उभा राहिला. त्यानं आवाज पूर्ण वाढवला. ती किंचाळली नाही. एकच सूर निघाला, भरलेला, किंचित मऊ, आणि भिंतीपर्यंत जाऊन थांबला. मग तो वाजवत राहिला. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "काय आवाज आहे हो! असा तयार नाही मिळत." वहिनी मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर हळूहळू घासत होती, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी.

वाजवणं संपलं. डॉक्टरांनी माइक घेतला. "ह्या गिटारचा आवाज तुम्ही ऐकलात. आमच्या मित्रानं आजारपणात, शेवटच्या दिवसांत, स्वतःच्या हातांनी हा पिकअप गुंडाळला. त्या हातांसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या."

मी अर्धी उठलेसुद्धा. वहिनीनं न बघताच माझा पदर खाली ओढला आणि मी मुकाट्यानं बसले.

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. वहिनीही उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, नवऱ्यासाठी.

बाकी सगळ्यांची तोंडं स्टेजकडे होती. मी तिच्याकडे वळले आणि तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.